जावयाच्या हातची औषधं

फेब्रुवारीचा पगार एवढा कापून आला की सुविधा दुपारच्या सुट्टीत डबा न उघडताच हिशेब विभागात गेली. डिचोलीजवळच्या एका औषध कारखान्यात ती गोळ्यांची तपासणी करायची. विनोदिनी तिथेच पगाराचं काम बघायची. दोघी कंपनीच्या एकाच बसने यायच्या, एकाच टेबलावर जेवायच्या, पण पैशांचं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

"कर कापलाय गो," विनोदिनी म्हणाली. "तू काहीच दाखवलं नाहीस. विमा नाही, कर्ज नाही. घरात कोण आजारी नाही तुझ्या?"

"बाबा आहेत. कंपवात."

"कोणाचे बाबा?"

"माझे. कोरगावला असतात."

"औषधं कोण घेतं त्यांची?"

"मीच. अजून कोण घेणार? मी एकटीच आहे त्यांना."

विनोदिनीने खुर्ची तिच्याकडे वळवली. "मग इतकी वर्षं तू फुकट कर भरते आहेस. पळय, कराची सूट मिळते त्या आजारांच्या यादीत कंपवात आहे. कलम ऐंशी डीडीबी. साठीच्या पुढचे आईवडील तुझ्यावर अवलंबून असले तर त्यांच्या उपचाराचा खर्च लाखापर्यंत तुझ्या उत्पन्नातून वजा होतो. मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र हवं. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या वर आहे असा दाखला हवा. जुन्या पद्धतीने कर भरायचा. आणि रोख कुणाला देऊ नकोस. तुझ्या स्वतःच्या खात्यातून जाऊ दे."

"सासूबाईंच्या गुडघ्यांचंही चालेल?"

"नाही. आईवडील म्हणजे आपले. सासू-सासरे त्यात बसत नाहीत. गुडघेही बसत नाहीत."

विनोदिनी हसली. सुविधाही हसली. पण हे आता घरी सांगावं लागणार होतं.

तिचे वडील गोकुळदास पेडणे-म्हापसा मार्गावरच्या खाजगी बसवर कंडक्टर होते. जन्मभर दारात लटकून गावांची नावं पुकारलेला माणूस. बसमालक पेन्शन कसली देणार? म्हातारपणी सरकारकडून महिन्याला जे थोडं मिळायचं त्यात, आणि आई सुलोचना आमसुलं विकून जे आणायची त्यात, दोघं जेवून-खाऊन राहायची. पण औषधं त्यात भागत नव्हती. दिवसातून चार वेळा गोळी. ती वेळेवर पोटात गेली तर गोकुळदास चालायचे, बोलायचे. नाही गेली तर दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळल्यासारखे उभे राहायचे.

सुविधाचं सासर मयेला, तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. लग्न झालं तेव्हा रुद्रेशचे दोन टिप्पर ट्रक खाणीवर धावत होते. खाणी बंद पडल्या. एक टिप्पर विकला गेला, दुसरा आवारात फणसाखाली गंजत उभा राहिला. तेव्हापासून घर सुविधाच्या पगारावर चालायचं. पगार दोघांच्या खात्यात जमा व्हायचा आणि कार्ड रुद्रेशच्या पाकिटात असायचं. मूल नव्हतं. त्याबद्दल आता कोणी बोलतही नव्हतं.

रुद्रेशने कधी हात उगारला नव्हता. आवाजही चढवला नव्हता. एरवी तो घरची बोली बोलायचा, पण राग आला की सभेत भाषण करावं तसं शुद्ध मराठी बोलू लागायचा, आणि बोलताना हसायचा. दोन वर्षांपूर्वी सुविधा त्याला न विचारता मैत्रिणीच्या लग्नाला स्कूटरने फोंड्याला जाऊन आली होती. "छान केलंस," तो म्हणाला होता. "माणसांत मिसळायला हवं." दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात स्कूटर नव्हती. त्याने ती विकून टाकली होती. "तुला कशाला रस्त्यावरची दगदग? मी सोडत जाईन सगळीकडे."

तर त्या संध्याकाळी सोप्यावर चहा पिताना तिने जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. सासू विमला पाय पसरून ढोपरांना तेल चोळत बसली होती.

"म्हणजे सरकार तुझ्या बापायच्या वखदाक पैशे दितलें?"

"सरकार औषधांचे पैसे देत नाही, आई. माझाच कर कमी कापतील."

"तें एकूच. आनी माझ्या ढोपरांक?"

सुविधाने विनोदिनीचं उत्तर सांगितलं. विमलाने तेलाची वाटी बाजूला सारली आणि मुलाकडे बघितलं. रुद्रेश बशीत पाव बुडवून खात होता. घास संपवून तो हसला.

"कायद्याने मुलीला तिचे आईवडील दिलेले आहेत, आई. सासू दिलेली नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?" मग सुविधाकडे वळून, "वेगळं खातं उघडावं लागेल ना?"

"उघडलं तर बरं पडेल, असं विनोदिनी म्हणाली."

"अवश्य उघड," तो म्हणाला.

सुविधा त्या रात्री स्कूटरचा विचार करत पडून राहिली. पण सकाळी काहीच नाहीसं झालं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यातही नाही. रुद्रेशने स्वतः तिला बँकेत नेलं. पर्वरीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गोकुळदासना दाखवायला तोच गाडी घेऊन आला आणि दाखल्यासाठी रांगेतही उभा राहिला. सुलोचना त्याच्याकडे बघून हात जोडायची. "रुद्रेशबाब म्हणजे देवमाणूस गो," ती मुलीला हळूच म्हणाली. "असो जावंय मेळाक भाग्य लागता."

एप्रिलपासून सुविधाचा कर कमी कापला जाऊ लागला आणि वाचलेले पैसे औषधांच्या पैशांसोबत तिच्या नव्या खात्यात येऊ लागले. त्यातून तिने पेडण्याचा एक व्यायामवाला ठरवला. तो आठवड्यातून दोनदा येऊन गोकुळदासचे हातपाय हलवून घ्यायचा. जूनपर्यंत त्यांना शर्टाची बटणं स्वतः लावता येऊ लागली. एका रविवारी तर ते काठी घेऊन तिठ्यावर गेले आणि ओळखीच्या बसवाल्याशी गप्पा मारून आले. सुविधाने त्यांना रस्त्याच्या कडेने येताना पाहिलं आणि तिला रडू आलं. शेजारी रुद्रेश उभा होता. तो तिच्याकडेच बघत होता, सासऱ्यांकडे नाही.

"बरेच सुधारले," तो म्हणाला.

जुलैत त्याने नवी सोय सुचवली. मोप्याच्या बाजूला रस्त्याची कामं निघाली होती, टिप्पर दुरुस्त करून तिथे लावता येईल का ते बघायला त्याला दर रविवारी जावंच लागणार होतं. औषधं तोच कोरगावला पोचवेल. सुविधाने घरी आराम करावा.

"मीही येते ना. वाटेतच आहे."

"आईचे गुडघे सुजलेत. तिच्याजवळ कोणीतरी हवं."

विमलाचे गुडघे त्यानंतर दर रविवारी सुजू लागले. सुविधा शनिवारी डिचोलीच्या फार्मसीतून आपल्या खात्यातून औषधं घ्यायची, पिशवी रुद्रेशकडे द्यायची, बिल आपल्याकडे ठेवायची. रविवारी सासूला शेक द्यायची आणि संध्याकाळी आईला फोन लावायची.

"येऊन गेलो गो रुद्रेशबाब. पेरां हाडलेली."

"बाबा कसे आहेत?"

"आसत." सुलोचना जरा थांबायची. "वायच थकल्यासारखे दिसतत. पावसाचो दोष."

"बाबांना दे फोन."

पलीकडून श्वास ऐकू यायचा. मग विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज, "बरो आसंय." जूनमध्ये हाच माणूस फोनवर तिला बसवाल्यांच्या चहाड्या सांगत होता.

ऑगस्टमध्ये फोन लागेनासा झाला. रुद्रेश म्हणाला, आवाज नीट येत नव्हता, मीच दुरुस्तीला म्हापशाला टाकलाय. दुकानदार आज देतो, उद्या देतो म्हणतोय. व्यायामवाल्याला विचारावं म्हणून सुविधाने त्याला फोन केला. त्याने सांगितलं, मला तुमच्या घरच्यांनी महिन्यापूर्वीच बंद केलं. आता गरज नाही म्हणाले.

सुविधा फोन हातात धरून कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. बस आली, बाया चढल्या, विनोदिनीने खिडकीतून हाक मारली तेव्हा ती भानावर आली.

घरी तिने विचारलं. रुद्रेशने अंगणातल्या नळावर हात धुतले, पुसले.

"तो माणूस मला योग्य वाटला नाही. हातपाय ओढतो. उगाच काही इजा झाली असती."

"मला सांगायचं होतं ना."

"तू दिवसभर कामात असतेस. मी तुझा भार हलका करतो आहे, सुविधा."

शुद्ध मराठी. आणि ते हसणं. ती आत गेली आणि पोळ्या लाटू लागली. चतुर्थीला माहेरी जाऊ म्हणून ती मनाशी दिवस काढत राहिली. पण चतुर्थीत विमला न्हाणीघरात घसरली, किंवा घसरले म्हणाली, आणि जाणं राहिलं. रुद्रेश एकटाच गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन कोरगावला जाऊन आला. "सगळं व्यवस्थित आहे," त्याने येऊन सांगितलं.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी, प्रयोगशाळेतून बाहेर येऊन तिने कपाटातला मोबाईल काढला तर अनोळखी नंबरचे बरेच फोन येऊन गेले होते. तिने उलट लावला. शिवदास होता, कोरगावचा शेजारी, पिठाची गिरणी चालवणारा.

"सुविधा बाय, तुझो नंबर मेळवूक माका दोन दिस लागले. तुज्या बाबांचा काय खरा नाय. खाटीवरसून उठणत नाय. पेज भरवली तर ठसको लागता. तुजी आये म्हणता, सगळा डॉक्टराच्या सांगण्यापरमाणा चल्लाहा. पण माका तसा दिसणा नाय. तू येतस काय?"

"आता येते," ती म्हणाली.

रुद्रेशला तिने कळवलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे. पेडण्याला कोरगावची बस सुटून गेली होती, म्हणून भाड्याची मोटारसायकल केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून पडलं होतं आणि ऊन असं होतं की चालकाच्या शर्टाला हात लावला तरी चटका बसत होता. तो गप्पिष्ट होता. कोणाकडे जायचं विचारल्यावर म्हणाला, "गोकुळदास कंडक्टरागेर? त्यांचो जावंय बरो मनीस. दर आयतारा दिसता."

घराचं दार उघडं होतं. आत अंधारात गोकुळदास खाटेवर उताणे पडले होते. डोकं उशीला टेकलेलंच नव्हतं. मान ताठ होऊन उशीच्या वर तशीच राहिली होती. चेहऱ्यावरची एकही रेघ हलत नव्हती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, घामाने सदरा ओला. फक्त डोळे तिच्याकडे वळले. ओठ हलले. ती कान तोंडाशी घेऊन गेली.

"खंय... होतस?"

मागून सुलोचना आली. मुलीला बघून तिचा चेहरा फुलला. "आयलस? रुद्रेशबाब खंय?"

"आये, बाबांना गोळ्या किती देतेस?"

"डॉक्टरान सांगितल्यान तश्योच."

"कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

"रुद्रेशबाब जावन विचारून आयलो न्हय? आदी चार होत्यो त्यो तीन केल्यो, मागीर दोन. आता एक सकाळची. तीय फुडल्या आयतारापासून बंद. अंग आपसूक सुदारतला म्हणान सांगितल्यान."

सुविधा खाटेच्या कडेला बसली. "मग बाकीच्या गोळ्या कुठे आहेत? मी तर सगळ्या पाठवते."

सुलोचनाला प्रश्नच कळला नाही. "त्यो तो परत व्हरता मगे. तुज्या हापिसात दाखवूक लागतत ना, करात सूट मेळूक? रिकामी पाकिटां आनी उरल्ल्यो गोळ्यो. तो म्हणालो, मामी, गोळ्यो जितक्यो उरतल्यो तितको सुविधाचो फायदो. आमका काय कळता गो? मी ह्यांका सांगितलंय, आपल्या चेडवाचो फायदो जाता तर वायच सोसा. हे कांयच बोलले नाय."

बोलता बोलता सुलोचनाचा आवाज मंदावत गेला. मुलीच्या चेहऱ्यावरून तिला काहीतरी उमगत होतं आणि ते तिला नको होतं. "गो, तसाच ना? तसाच आसा ना?"

"नाही आये," सुविधा म्हणाली. "गोळ्या कोणालाच दाखवाव्या लागत नाहीत."

सुलोचना भिंतीला धरून खाली बसली. रडली नाही. नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करायला हात पुढे केला आणि तो हात तिथेच थांबला, जणू आपण शिवलो तर अजून काही बिघडेल.

सुविधाने पर्वरीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ताप आहे का, अंग किती ताठ आहे, गिळता येतं का. "ह्या गोळ्या अशा कमी करायच्या नसतात," ते म्हणाले. "मी कधीच सांगितलं नाही. एक मिनिटही थांबू नका, सरळ हॉस्पिटलात आणा. जिवावर बेततं यात."

शिवदासने गिरणी तशीच चालू टाकून गाडी काढली. गोकुळदासना उचललं तेव्हा ते लाकडाच्या फळीसारखे सरळच्या सरळ उचलले गेले. मागच्या सीटवर त्यांना वाकवून बसवता येईना. शेवटी दोघींनी त्यांना मांडीवर आडवं धरलं आणि गाडी निघाली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, वाचतील. पण जे गेलं त्यातलं सगळं परत येईलच असं नाही.

त्याच दुपारी रुद्रेश हॉस्पिटलच्या लांब पडवीतून चालत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात शहाळी. वाटेत एका म्हाताऱ्याला त्याने बाक रिकामं करून दिलं. सुलोचनाला बघून तो पाया पडायला वाकला. ती मागे सरकली आणि पडद्याआड गेली. तो काहीच न घडल्यासारखा ताठ झाला.

"तू मला कळवलं नाहीस," तो सुविधाला म्हणाला.

"का केलंत तुम्ही असं?"

"काय केलं? मला डॉक्टरांचं बोलणं तसं समजलं. चूक माणसाकडूनच होते."

"डॉक्टरांना तुम्ही भेटलाच नाहीत. मी विचारलं त्यांना."

रुद्रेशने शहाळी खिडकीत एका ओळीत ठेवली. एक गडगडायला लागलं तसं त्याने ते बोटाने थांबवलं.

"माझी आई दहा वर्षं गुडघ्यांनी बेजार आहे. तिच्यासाठी तुझ्या कायद्यात एक ओळ नाही. तू मात्र वेगळं खातं काढतेस, दर शनिवारी फार्मसीत जातेस, तुझा बाप रस्त्यावरून फिरायला लागतो. मीही मग थोडा विचार केला. सूट बिलाला आहे, गोळीला नाही. बिल तुझ्याकडे होतं. तुझं काहीच नुकसान झालेलं नव्हतं."

"ते मेले असते."

"मेले नाहीत ना," तो हसत म्हणाला. "आणि मरून कसं चालेल? मग तुला सूट कोणाची मिळणार? चल, गाडी खाली आहे. आई एकटी आहे घरी."

पडवीत माणसं ये-जा करत होती. एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. कोणालाही वाटलं असतं, नवरा बायकोला समजावतोय. सुविधाला जाणवलं की आपण ओरडलो तर वेड्या आपणच दिसू. तिने पडद्याकडे पाठ केली, त्याच्यासमोर नीट उभी राहिली.

"मी येत नाही."

"आज नको तर उद्या ये."

"मी येणारच नाही."

त्याने खिशातून सासूसासऱ्यांचा फोन काढला, दुरुस्तीला गेलेला, आणि शहाळ्यांच्या शेजारी ठेवला. "बरा झाला हा," म्हणाला, आणि निघून गेला. तिने फोन चालू केला. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

सुविधाने पोलिसांत तक्रार दिली. डॉक्टरांनी जे पाहिलं ते लिहून दिलं. जबाब घेतले गेले. रुद्रेशने आपल्या जबाबात ऐकण्यात गफलत झाल्याचं सांगितलं, वर सासऱ्यांसाठी किती खेपा घातल्या त्याचे साक्षीदार दिले. कोरगावचेच लोक होते ते, आणि खोटं कोणीच बोललं नाही. प्रकरण वकिलांकडे गेलं आणि तिथे सावकाश चालू लागलं.

ती कोरगावला राहायला आली. पहाटे निघून तीन बस बदलून कारखान्यात जायची, अंधार पडल्यावर परत यायची. पगाराचं खातं तिने बदलून घेतलं. विनोदिनीने तिचे कागद स्वतः तपासून दिले, आणि कर वाचला त्यातून व्यायामवाला पुन्हा सुरू झाला. गोकुळदास आता चौकटीच्या आधाराने खाटेपासून दारापर्यंत जायचे. आवाज मात्र परत आला नाही. काही हवं असलं की ते बोटाने खाटेच्या लाकडावर टकटक करायचे. सुलोचना कुठेही असली तरी धावत यायची. गोळी ती आता स्वतः देत नसे. सुविधाने सकाळी चार वाट्यांत काढून ठेवलेली गोळी ती शिवदासच्या बायकोला बोलावून तिच्यासमोर द्यायची.

डिसेंबरातल्या एका रविवारी गाडी तिठ्यावर येऊन थांबली. रुद्रेश आत बसून होता, काचा वर करून. तासाभराने निघून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. येणारे-जाणारे काचेवर टकटक करून त्याला नमस्कार करायचे, तो काच खाली करून विचारपूस करायचा. गावात लोक बोलू लागले, बिचारो अजून येता, आनी बायल तोंड दाखवणा नाय.

मग जानेवारीत तो सरळ अंगणात आला. हातात डिचोलीच्या फार्मसीची पिशवी. अंगणात शिवदास आणि दोन-चार शेजारणी होत्या, पोफळीच्या कुळागराच्या पाण्यावरून काहीतरी बोलणं चाललं होतं. सुविधा दारात आली.

"मामांची औषधं," रुद्रेश म्हणाला. "जुनं सगळं विसरून जाऊ. या महिन्याची सगळी आहेत. बघून घे."

तिने पिशवी घेतली नाही, पण तिची नजर सवयीने आत गेली. नाव तेच, कंपनी तीच, पाकिटं बंद, तारीख पुढची. असे नमुने ती रोज तपासायची. यात एकही खोट तिला दिसली नाही, आणि त्यामुळेच तिच्या अंगावर काटा आला.

सुलोचना तिला बाजूला सारून पुढे आली. याच माणसासाठी ती एकदा पाट मांडून, पदर सावरून उभी राहायची.

"रुद्रेशबाब," ती म्हणाली, "ह्यातली एक गोळी तुमी खावन दाखवा."

एक शेजारीण म्हणाली, "गो सुलोचने, कसला बोलतस?" सुलोचनाने तिच्याकडे बघितलंही नाही.

रुद्रेश हसला. त्याने पिशवीतलं एक पाकीट काढलं, गोळी अंगठ्याने दाबून तळहातावर घेतली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि पाण्याशिवाय गिळली. मग तोंड उघडून दाखवलं.

"झालं समाधान, मामी?"

पिशवी त्याने पायरीवर ठेवली. शिवदासला नमस्कार केला, शेजारणींना केला. "पुढल्या रविवारी येईन," तो शुद्ध मराठीत म्हणाला आणि गाडीकडे गेला. शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्या नजरा सुलोचनावरून हळूहळू सुविधाकडे वळल्या आणि त्या नजरांत दोष आपल्यालाच आहे हे तिला कळलं.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर सुलोचनाने पिशवी उचलली, मागच्या दारी न्हाणीच्या चुलीत घातली आणि वरून लाकडं सारली. प्लास्टिक जळल्याचा वास घरभर पसरला. चांगली औषधं होती ती, महिनाभराची. सुविधाने तिला अडवलं नाही.

आतून लाकडावर बोटं वाजली. ती बाबांजवळ गेली. ते दाराकडे बघत होते. त्यांनी आवाज ओळखला होता. तिने त्यांचा हात धरला, तर तो थरथरत होता, आणि ती थरथर आजाराची की कशाची, हे तिला सांगता आलं नसतं.

"गेला तो," ती म्हणाली.

गोकुळदासनी मान हलवली नाही. ते दाराकडे बघतच राहिले.